टीचरअक्का गप्प बसल्या

टीचरअक्कांना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं जमायचं नाही. तंजावुरजवळच्या पापनाशमच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि समुपदेशनाच्या टपाली अभ्यासक्रमाला त्यांनी नाव घातलं. मीही त्यालाच होते. धडे वर्षभर पोस्टाने यायचे. शेवटी दहा दिवस तंजावुरात समक्ष वर्ग. तिथे एकाने अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची आणि सरांनी कोपऱ्यात बसून गुण द्यायचे. सल्ला द्यायला सक्त मनाई.

अक्का इथेच अडायच्या. ओरत्तनाडूच्या एका कारकुनाने सरावासाठी झोप येत नसल्याचं सोंग आणलं. अक्कांनी त्याची कॉफी बंद केली आणि सासूला पत्र लिहायला सांगितलं. त्याने सासूचं नावही काढलं नव्हतं. सर रागावले. आम्हा दोघींच्या घरी तंजावुरी मराठी, म्हणून गाऱ्हाणं माझ्यापाशी आलं. "माणूस बुडतोय आणि मी काठावरून विचारायचं, पाणी कसं वाटतंय?"

मग त्यांनी तोंडात खडीसाखर धरायचा उपाय काढला. खडा विरघळेपर्यंत ऐकायचं. चौथ्या दिवसापासून त्या खडा चावून फोडू लागल्या.

सातव्या दिवशी त्यांच्यापुढे माझी पाळी आली. खोटी अडचण सुचेना, म्हणून खरीच सांगितली. मद्रासच्या एका नव्या कंपनीत मला नोकरी लागली होती आणि तेव्हापासून अप्पा माझ्याशी बोलत नव्हते. सांगताना रडू आलं. अक्कांनी लगेच माझ्या घरचा पत्ता विचारला. सरांनी शून्य दिलं.

संध्याकाळी घरी पोचले तर अक्का अप्पांसमोर बसलेल्या. आता अप्पांना सल्ले मिळणार, असं वाटलं. पण बोलत होते अप्पा. आई गेल्यापासून घरात माझाच काय तो आवाज, तोही गेला की दिवस कसा काढायचा, हे मला कधी न सांगितलेलं ते एका परक्या बाईला सांगत होते. अक्का हूं की चूं न करता बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मद्रासची गाडी किती वाजता असते ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. वर्गाबाहेरच्या ऐकण्याला गुण नाहीत, उलट वर्गातलं बाहेर नेल्याबद्दल कापावे लागतील, असं ते म्हणाले. अक्का नापास झाल्या.

त्यांना पापनाशमच्या बसमध्ये बसवताना मी विचारलं, अप्पांपुढे गप्प कशा राहिलात?

"मीही एकटीच राहते, कण्णा," त्या लाडाने म्हणाल्या. "त्यावर काय सांगायचं, मज कुठे ठाऊक आहे?"

मद्रासहून मी दर रविवारी दोन पत्रं लिहू लागले. अप्पांचं उत्तर दोन ओळींचं असे. पापनाशमचं चार पानांचं, न विचारलेल्या सल्ल्यांनी भरलेलं. त्यातले निम्मे मी पाळले.