शुक्राची कजा

"पोस्टपार्टम डिप्रेशन," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याऐवजी वसीमकडे, माझ्या नवऱ्याकडे बघत त्यांनी समजावलं. बाळंतपणानंतर काही बायकांना असं नैराश्य येतं. हा आजार आहे, दोष नाही. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या लिहून देतो.

खामगावच्या त्या दवाखान्यात हुमाला, माझ्या लेकीला, मांडीवर घेऊन मी बसले होते. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, घ्या, नाशुक्रीलाही आता इंग्रजी नाव मिळालं.

नाशुक्री म्हणजे देणाऱ्याचे उपकार न मानणं. हुमा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, किती दुआ मागून झालेली. आणि मी तिला न्हाऊ घालताना रडायची, पाजताना भिंतीकडे बघत बसायची. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, शुक्र कर, अल्लाहचे आभार मान. करते, असं मी म्हणायची. आत काहीच हलत नव्हतं. बाळंतपणाचे चाळीस दिवस उलटून नमाज सुरू झाली, तेव्हा तेच खोटं मी सजद्यात, कपाळ जमिनीला टेकूनही बोलू लागले.

शुक्र केला की वाढवून मिळतं आणि नाशुक्रीला शिक्षा असते, हे लहानपणापासून ऐकलेलं. मला शिक्षा द्यायची तर एकच देता येण्यासारखी होती. अल्लाह हुमाला परत घेईल. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासायची. ही भीती मी डॉक्टरांना सांगितली नाही. वसीमलाही नाही.

गोळ्यांसोबत एका समुपदेशक ताईंकडे जायचं होतं. त्यांनी पॉझिटिव्ह सायकॉलॉजी हा शब्द सांगितला. मनात काय बिघडलंय एवढंच न बघता काय शाबूत आहे तेही बघणारं शास्त्र. रोज संध्याकाळी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या आणि त्या कशामुळे घडल्या ते मनाशी म्हणायचं. मी म्हटलं, आमच्यात याला शुक्र म्हणतात. त्या खूश झाल्या.

"मंग तर तुमाले सोपं जाईन. नमाज झाली का तिथंच बसून आठवत जा."

सोपं! मी शाळेत शिकवते. दिलेला अभ्यास अर्धा ठेवलेला मला खपत नाही. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, मुसल्यावर, नमाजच्या चटईवरच बसून मी बोटांच्या पेरांवर मोजू लागले. चहा चांगला झाला. वसीमने धुणं वाळत घातलं. तिसरं पेर मात्र रिकामं राहायचं. एखाद्या दिवशी तिन्ही.

इथे माझं डोकं फिरलं. वेळेवर न झालेली नमाज नंतर भरून काढतात, तिला कजा म्हणतात. राहिलेल्या शुक्राचीही मी कजा करू लागले. आजचे तीन, कालचा राहिलेला एक, परवाचे दोन. बाकी फुगत गेली आणि मी मुसल्यावर जास्त जास्त वेळ बसू लागले.

एका संध्याकाळी हुमा आतल्या खोलीत रडत होती. अम्मी, माझ्या सासूबाई, तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. मी उठले नाही, कारण मोजणं पुरं झालं नव्हतं. शेवटी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अम्मी रागावल्या की उर्दू बोलतात आणि माया आली की माहेरची वऱ्हाडी.

"काय मोजून राह्यली तू?"

मी सगळं सांगून टाकलं. पेरं, बाकी आणि नाकाखालचं बोटसुद्धा. अम्मी हुमाला घेऊन तिथेच खाली बसल्या.

"चाळीस दिवस नमाज पढली होती तू?"

"नाही. बाळंतिणीला माफ असते."

"मंग तिची कजा केली?"

"तिची कजा नसते, अम्मी."

"फर्ज नमाज, जी पढाच लागते, ती माफ केली त्यानं, तिची कजाबी नाही मांगतली. मंग शुक्राची कजा तुले कोनं सांगतली? घे तिले. भुकेली हाय."

हा नियम मला पाठ होता. स्वतःला लावून बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. हुमा घाईघाईने प्यायली आणि मी खूप रडले.

पुढच्या वेळी मी नाकाखालच्या बोटाचं डॉक्टरांना सांगितलं. अशी भीती हा आजाराचाच भाग आहे, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी गोळी बदलली. ताई म्हणाल्या, तीनचा आकडा सोडून द्या, आठवलं तर आठवलं.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर सगळ्यात लाजिरवाणी भीती आधी सांगा. दुआ करा आणि गोळीही घ्या. औषध करण्याची शिकवण आपल्या नबींचीच, पैगंबरांचीच आहे.

मी आता बरीच बरी आहे. अपराधी वाटणं पूर्ण गेलेलं नाही. त्या संध्याकाळी हुमा रडत होती आणि मी मुसल्यावर बसून तिच्यासाठी आभार मानत होते, हे आठवलं की आजही माझा जीव कसनुसा होतो.

काल शुक्र करायचा राहूनच गेला. सकाळी आठवलं आणि अंगठा सवयीने पेरावर गेला. तेवढ्यात हुमा उठली, मी तिला उचलून घेतलं. रात्रभरात एकदाही तिच्या नाकाखाली बोट धरलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.