कोऱ्या कागदाचं गिऱ्हाईक

आमची आत्या घरात खोट्या नोटा छापते आणि त्या पैशांतून तिने फ्रीज घेतला, असं अख्खी गल्ली सांगते. शिंपीणकाकू तर हे सांगताना आवाज इतका खाली आणतात, की पलीकडच्या गल्लीतही नीट ऐकू जातं.

फ्रीजचं म्हणाल, तर त्याचं दार दोरीने बांधावं लागतं. नोटा मात्र ती छापते. पण घरात नाही, नगरपालिकेच्या कचेरीसमोरच्या स्वतःच्या झेरॉक्सच्या दुकानात, भरदिवसा. नोटेवर नगराध्यक्षांचा चेहरा, त्यांच्या तोंडात अर्धा खाल्लेला पूल (जो कधी बांधलाच नाही), आणि खाली लिहिलेलं, ‘ही नोट देणाऱ्याला काहीही न देण्याचं मी वचन देतो.’ किंमत शून्य. कचेरीत कुणाकडे ‘चहापाणी’ मागितलं, की आत्या त्याला कागदांच्या प्रतींसोबत एक नोट फुकट देते. ती टेबलाखालून सरकवायची. उलगडून बघताना कारकुनाची हनुवटी कशी लोंबते, ते मी करून दाखवते. त्याला फार मागणी आहे.

मग एक गृहस्थ येऊ लागले. कडक इस्त्रीचा शर्ट, न वाजणारे बूट. रोज एक कोरा कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, “याची एक प्रत द्या, ताई.”

कोऱ्या कागदाची प्रत! मी घरी त्यांची नक्कल केली. मान कलती, दोन शब्दांमध्ये उगाच मोकळी जागा. आई पोट धरून हसली. आत्या हसली नाही. तिने तशीच एक प्रत स्वतःसाठी काढून आणली होती. ती तिने दिव्यासमोर धरली. उजव्या कडेला केसाएवढी वाकडी रेघ होती. यंत्राच्या काचेवर ओरखडा आहे, तो प्रत्येक कागदावर उतरतो. नोटांवरही.

गृहस्थांना कागद नको होता, ती रेघ हवी होती.

बाबांनी भाऊ म्हणून आधी समजावलं, मग हात जोडले. काच बदल, दुकान बंद कर, थोडे दिवस कुठेतरी जा. आत्याचं एकच. चित्र काढलंय, दरोडा नाही घातला. आणि ज्यांची कामं अडलीत ते उद्या येणार, त्यांनी कुलूप बघून परत जायचं का? बोलताना ती दुकानाची किल्ली जुडग्यातून काढत होती आणि परत अडकवत होती.

ते बघूनच मी म्हटलं, “पैज. उद्या तू शटर उघडणार नाहीस.”

“आणि उघडलं तर?”

“तर महिनाभर शटर मी उघडेन. झाडलोटही माझी.”

सकाळी मी तिच्या मागोमाग गेले. तिने नेहमीसारखं खाली वाकून कुलूप काढलं, शटर वर ढकललं, यंत्र सुरू केलं. यंत्र तापायच्या आत पोलिसांची जीप आली. गृहस्थ उतरले, सोबत दोघे. आज हातात कागद नव्हता. आत्याने सवयीने विचारलं, किती प्रती? दोघांनी यंत्राची वायर काढली आणि ते उचललं.

जीपमध्ये चढताना आत्या माझ्याकडे वळली.

“हरलीस. केरसुणी दाराच्या मागे आहे.”

आज चौथा दिवस. शटर मी उघडते. यंत्राच्या जागी फरशीचा एक स्वच्छ चौकोन उरलाय, तोही झाडते. लोक येतात, चौकोनाकडे बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ताई कधी येणार?