आल्टेनफेनमधली बंद खिडकी

कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून विमान सुटलं तेव्हा माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू होते. केतकीचे दिवस भरत आले होते. जावई लार्स बोटीवर कामाला, कधी परतेल याचा नेम नाही. आणि मुलीचा मुक्काम कुठे, तर उत्तर जर्मनीतल्या आल्टेनफेन नावाच्या वीसेक घरांच्या वस्तीत. "अवेळी कळा आल्या तर कोण येणार?" हे मी फोनवर इतक्यांदा विचारलं की ती विषय बदलायला शिकली.

बसमधून उतरले तर समोर एक कालवा, त्याला चिकटून एक रस्ता आणि रस्त्याकडेला लाल विटांच्या घरांची एकच रांग. वळण औषधालाही नाही. शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला; असा नकाशा मुलींनी काढला असता तर आळशीपणा म्हणून परत दिला असता.

पण तो खराच तसा होता. फेन (दलदल उपसून वसवलेली वस्ती) अशीच वाढते. पूर्वी इथे नुसता चिखल होता. लोकांनी कालवा खणला, पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापून होडीने शहरात विकलं आणि उघड्या पडलेल्या जमिनीत बटाटे लावले. पहिल्या पिढीला मरण, दुसरीला हाल, तिसरीला भाकर, अशी इकडे म्हणच आहे. आमचे बाबा कोलकात्याजवळ, नदीकाठच्या बजबजच्या ज्यूट मिलमध्ये होते, त्यामुळे चिखलाचं मला अप्रूप नाही. पण तिथे निदान माणसं दिसायची. इथे दोन दिवसांत मला दिसल्या त्या गाई आणि शेजारच्या एल्केबाई. त्याही लांबूनच "मोइन" (कुठल्याही वेळी चालणारा नमस्कार) म्हणून आत गेल्या. एवढाच शेजार, म्हणून मी मनात नाक मुरडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ऊन चढलं. रात्री खाली ओढलेले खिडक्यांचे गुंडाळपडदे मी तसेच राहू दिले. कोलकात्यात ऊन तापायच्या आत आम्ही खडखडी (लाकडी झडपांची खिडकी) लावून घेतो, घर गार राहतं. केतकी आंघोळीला गेली होती आणि मी पोळ्या लाटत होते. तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

एल्केबाई आत आल्या. न विचारता थेट कपाटाकडे गेल्या आणि केतकीची इस्पितळाची बॅग उचलली. मी लाटणं हातात घेऊन वाटेत उभी राहिले. त्या जर्मन बोलत होत्या, मी मराठी, आणि दोघींपैकी कुणीच मागे हटेना.

केतकी ओल्या केसांनी बाहेर आली आणि हसत खुर्चीत बसली.

"आई, पडदे वर गेले नाहीत म्हणून आल्यात त्या. गाडीसुद्धा सुरू करून आल्यात."

"आणि किल्ली?"

"पहिल्या शेजाऱ्याकडे, म्हणजे अगदी लगतच्या घरी, ती असतेच. असं ठरलेलंच असतं इथे."

मग एल्केबाईंनी सांगितलं आणि केतकीने मराठीत केलं. मातीच्या झोपड्या होत्या तेव्हा सकाळी शेजारच्या धुराड्यातून धूर निघाला नाही, की हातातलं काम टाकून जायचं. चिखलातून दुसरं कोण येणार होतं? आता धूर नाही, म्हणून पडदे बघायचे.

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना चहाला बसवलं. त्यांनी कपात खडीसाखर टाकली, वर साय सोडली आणि मी ढवळायला लागले तर माझा हात धरला. ढवळायचं नसतं म्हणे.

पुढच्याच आठवड्यात नात झाली. गाडी एल्केबाईंनीच चालवली. मी मागे बसून देवाचं नाव घेत होते, त्या वेग वाढवत होत्या.

लार्स परतल्यावर मी निघाले. बसथांब्यावर केतकीने विचारलं, "आणि तुझ्याकडे कोण बघतं गं?" हे गेल्यापासून मी एकटी आहे. मी विषय बदलला.

कोलकात्याला पोचल्यावर बॅगा न उघडताच खालच्या मजल्यावर गेले आणि घराची जादा किल्ली शुभ्राच्या हातात ठेवली. वर्षानुवर्षांची शेजारीण, पण आमचं बोलणं जिन्यापुरतंच. पडद्यांची सगळी हकिगत तिला सांगितली.

"आपनार खडखडी तो आमि रोज देखि, दीदीमणी," ती म्हणाली. (तुमची खडखडी तर मी रोज बघते, बाई.) ऊन चढलं आणि ती लागली नाही, की वर यायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधली. "शुधु चाबिटा छिलो ना." (फक्त किल्ली तेवढी माझ्याकडे नव्हती.)