ज्वारीच्या कोठीतला रेडिओ

माझी सासू शेवटच्या काही महिन्यांत दुष्ट झाली होती.

मला ती तेव्हाच सगळ्यात जास्त आवडली.

आज आत्याबाईंना जाऊन वर्ष झालं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी.

माझी एक जुनी पोस्ट तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. एका छोट्या शॉर्टवेव्ह रेडिओचा फोटो टाकून मी विचारलं होतं, "हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. कुणाच्या घरी पडून आहे का? सासऱ्यांसाठी हवाय."

तुम्ही हार्ट दिले. "अशी सून सगळ्यांना मिळो" असंही कुणीतरी लिहिलं.

नंतर विचारत राहिलात, मिळाला का? मी उत्तर दिलं नाही.

मिळाला होता.

मामाजी अकोल्याला जुन्या शहरात राहतात, आम्ही अमरावतीला. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या कानाशी तो रेडिओ असायचा. दूरदेशीच्या हिंदी बातम्या, न कळणाऱ्या भाषांतली गाणी, कधी नुसती खरखर. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्याआधी होऊन जायला हव्यात.

नवीन नवरी असताना आत्याबाईंनी मला पहिली हीच गोष्ट शिकवली होती.

"रेडिओ चालू असला का आपुन मेलो असं समजाचं."

मग तो फुटला. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "माया हातून पडला."

मामाजींनी जाहीर केलं, "तसाच रेडिओ आणा. तोवर या बाईनं मायासंग बोलाचं नाई."

आणि खरंच बोलणं बंद. समोर ताट आलं की जेवायचे, झालं की सरकवायचे. हाक नाही, उत्तर नाही.

नवऱ्यानं अमरावतीहून नवा डिजिटल रेडिओ नेला. मामाजींनी उलटापालटा करून पाहिला.

"याले काटा कुठं हाय?"

म्हणाले आणि पलंगाखाली ढकलून दिला.

मेकॅनिकनं जुना उघडला. आतली प्लेट मधोमध तडकलेली. पार्ट येतच नाहीत म्हणाला.

म्हणून मी ती पोस्ट टाकली. मूर्तिजापूरच्या एका मैत्रिणीच्या वडिलांच्या कपाटात अगदी तोच निघाला. कव्हरसकट, चालू. अकोल्याला जाताना वाटेत उतरून घेतला.

पोचले तेव्हा मामाजी दुपारचे झोपले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन आत्याबाईंच्या हातात रेडिओ ठेवला. वाटलं, आनंदानं रडतील.

त्यांनी उजवा हात वर करायला घेतला. खांद्याच्या वर तो जाईना.

"पडला नोता," त्या म्हणाल्या. "फेकून मारला होता त्यायनं."

वलगावहून, त्यांच्या माहेरून, फोन आला होता. त्यांचा धाकटा भाऊ वारला होता. इकडे रेडिओवर बातम्या सुरू होत्या.

"भाऊ गेला जी माया."

मामाजींनी हातानं गप्प बस म्हणून खूण केली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा रेडिओ आला.

तसाच सुजलेला खांदा घेऊन त्या मौतीला जाऊन आल्या. आल्यावर कळलं, बोलायची बंदी त्यांनाच आहे.

मी विचारलं, "मग हा देऊ की नको?"

"काहून देतं? पैल्यांदा घर चूप हाय."

आणि त्यांनी रेडिओ ज्वारीच्या कोठीत, दाण्यांखाली खुपसला.

मामाजी दाढी करायला बाहेर पडले की त्या तो काढायच्या. गाणी ऐकायच्या आणि मला फोनवर सांगायच्या. पुढे धीर वाढला. मामाजी घरात असतानाही मागच्या खोलीत बारीक आवाजात लावायला लागल्या.

"कुठं रेडिओ वाजून राह्यला का?" मामाजी भिंतीकडे पाहून विचारायचे.

आत्याबाई चूप. त्यांना मनाई होती ना.

मामाजी शेजारी विचारून आले. त्यांच्याकडे रेडिओच नव्हता. शेवटी स्वतःच म्हणाले, "माये कान वाजून राह्यले." आम्ही त्यांना अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वयामुळे होतं म्हणाले डॉक्टर, गोळ्या लिहून दिल्या.

परत येताना मामाजींनी मला हळूच विचारलं, "मले येड तं लागून नाई राह्यलं?"

त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

मी म्हटलं, "गोळ्या घ्या, मामाजी."

हे आत्याबाईंना सांगितलं तर पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या, की ठसका लागला.

दिवाळीत मामाजी मोडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बोल ना व आता मायासंग. झालं ना."

आत्याबाई फराळाचं ताट वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"रेडिओ भेटला का?"

"नाई."

"मंग?"

आणि आत निघून गेल्या. नवऱ्याशी त्या शेवटचं बोलल्या ते हे.

थंडीत त्यांना अटॅक आला. आयसीयूच्या दारात मामाजींनी माझा हात धरला.

"तिले सांग, रेडिओ भेटला म्हणा. खोटंच सांग. पण बोलाले लाव तिले."

मी आत गेले. सांगितलं. तोंडावर मास्क होता, पण डोळे जागे होते.

त्यांनी मान हलवली. नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी कोठीतून रेडिओ काढला, पुसला आणि मामाजींसमोर ठेवला.

"कुठं होता?"

"घरातच. आत्याबाईंनी ठेवला होता. तुम्ही डॉक्टरकडे गेलात तेव्हाही इथंच होता."

"तुले मालूम होतं?"

"मीच आणला होता."

"काहून असं केलं तिनं?"

"भाऊ गेल्याचं त्या सांगत होत्या, तेव्हा तुम्ही रेडिओ फेकून मारला, मामाजी."

त्यांनी रेडिओच्या काट्यावरच्या काचेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतील. आता तरी.

"बातम्या चालू होत्या," ते म्हणाले.

एवढंच.

मी रेडिओ उचलला आणि पिशवीत टाकून अमरावतीला घेऊन आले. त्यांनी मागितला नाही. मागितला असता तरी दिला नसता.

आत्याबाई, तुमच्या सुनेचा नमस्कार घ्या.