आठवी पिन

कॉम्प्युटर दुकानात नेण्याआधी मी त्याच्या पोटाखाली नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले होते. आतला माल काढून घेऊन भलताच घालून देतात, असं ऐकून होते. स्क्रूही मोजले होते. नऊ होते, दहावा मुळातच नव्हता, आणि तेही वहीत लिहिलं होतं. पुढे वाद नकोत.

दुकानदाराने कॉम्प्युटर उलटा केला, ठिपके बघितले, माझ्याकडे बघितलं आणि खिशातून स्वतःची वही काढली.

"नऊ स्क्रू. एक आधीपासून नाही. दोन लाल ठिपके. बरोबर ना बाई? मीही लिहून ठेवतो. नंतर तुम्ही तीन ठिपके होते म्हणाल."

असा हा माणूस. गल्लीत त्याला सगळे 'मीटर' म्हणतात, कारण व्होल्ट मोजायचा मीटर त्याच्या गळ्यात असतो, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा. साठीचा असेल. जिन्याखालच्या खोलीत जुने टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करतो आणि वरच्या मजल्यावर राहतो. चहाची विजेची किटली लावायची असली तरी आधी भिंतीतलं सॉकेट मोजतो. रोज. तेच सॉकेट.

मी त्याच्याकडे गेले ती हौसेने नव्हे. माझी धाकटी बहीण गालिचे विणायची. नक्षी आधी एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर काढायची. ज्याच्या कीबोर्डच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर असतो आणि जो टीव्हीला जोडतात, तसला. काढलेली नक्षी टेपरेकॉर्डर जोडून साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायची. लोक हसायचे, तिने शेवटपर्यंत तेच वापरलं. मग तिच्या टीव्हीने मान टाकली, आणि त्याच हिवाळ्यात तिनेही. मागावर वीतभर विणलेला गालिचा तसाच राहिला. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तो पुरा करायचा म्हणून बसली आहे. नक्षीचा कागद आहे, पण काळापांढरा. कुठल्या चौकोनात कुठला रंग, ते फक्त त्या कॅसेटमध्ये. आजच्या टीव्हीवर हा कॉम्प्युटर नुसती बर्फवृष्टी दाखवतो. त्याला त्याच्याच वयाचा रंगीत मॉनिटर हवा, आणि असा मॉनिटर अख्ख्या शहरात एकट्या मीटरकडे होता. फळीवर, चादर पांघरून.

"मग काढा आणि जोडा. प्लग बसतोय की," मी म्हटलं.

"प्लग बसतो म्हणून काय झालं? माझे जोडेही तुम्हाला बसतील."

मॉनिटर जोडून पडद्यावर रंग नीट दिसल्याखेरीज कॅसेटला हात लावायचा नाही, ही त्याची अट. फीत चिकट झाली आहे, एकदा चालेल, दुसऱ्यांदा सांगता येत नाही. हे मला पटलं. पण त्यानंतर तीन दिवस तो नुसता पिना मोजत बसला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. एक पिन मोजायची, कागदावर काढायची, मग पुन्हा पहिल्यापासून. मी रोज समोरच्या स्टुलावर. कॉम्प्युटर एकटा सोडायचा नाही, असं मी ठरवलंच होतं. असली जुनी यंत्रं शौकीन लोक शोधत फिरतात, हे मला जावयाने, म्हणजे भाचीच्या नवऱ्याने, सांगितलं होतं.

त्याची बायको चहा घेऊन खाली यायची. हसरी बाई.

"कंटाळलात? मी बत्तीस वर्षं बघतेय. लग्न ठरायच्या वेळी ह्यांनी मला दाराला टेकून उभं केलं आणि पेन्सिलीने खूण केली. का, तर फोटोत उंच वाटते म्हणून."

"मग? निघाली ना दोन बोटं कमी?" मीटर मान वर न करता म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याने स्वतः बनवलेली केबल दाखवली. मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय. पाहिल्याबरोबर पिना मोजल्या. कॉम्प्युटरच्या सॉकेटला आठ भोकं, आणि ह्याच्या प्लगला पिना सात.

"आठवी कुठाय?"

"काढली."

"काढली म्हणजे?"

"पकडीने उपटली. तुमच्या कॉम्प्युटरच्या त्या पिनेवर बारा व्होल्ट येतात. माझ्या मॉनिटरमध्ये नेमकी तिथेच लाल रंगाची वाट आहे. गेले ना बारा व्होल्ट आत, तर लाल खलास. लालाची तार मी दुसऱ्या पिनेवरून घेतलीय." त्याने काड्यापेटी उघडून पिन माझ्यापुढे धरली. "ही घ्या तुमची आठवी. नाहीतर म्हणाल ठेवून घेतली."

मी पिन पर्समध्ये टाकली आणि विश्वास ठेवला नाही. मोडका प्लग आणायचा आणि वर गोष्ट सांगायची, ही युक्ती मी मुलांच्या गृहपाठात हजारदा पाहिली आहे. संध्याकाळी जावयाला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तयार केबल मिळते, आठही पिनांची. ह्या मॉनिटरला चालते असं लिहिलंय." झालं. मला दुसरं काय हवं होतं!

केबल दोन दिवसांनी आली. मीटरने ती हातात घेतली, गळ्यातला मीटर लावला आणि परत दिली. "ही लावायची नाही."

"का? तुम्ही बनवली नाही म्हणून?"

हे त्याला लागलं असावं. तो उठून मागे गेला. मग त्याची बायको हळू आवाजात बोलली. पूर्वी तो टीव्हीच्या कारखान्यात होता, रंग तपासायच्या टेबलावर. सुट्टीच्या वेळात कुणीतरी त्याच्या टेबलावर भलताच प्लग लावला. बसला म्हणून लावला. चाळीस संच जळले. टेबल त्याचं, म्हणून चूक त्याची. पुन्हा कुणी नोकरीवर ठेवलं नाही. "तेव्हापासून हे स्वतःच्या हातावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत," ती म्हणाली.

मी ऐकलं. आणि मनात काय आलं, तेही लिहिते: बायको नवऱ्याचीच बाजू घेणार.

एक वाजता तो जेवायला वर गेला. दाराशी थांबून म्हणाला, "बाई, कशाला हात लावू नका."

"मी काय शाळेतली पोर आहे?"

पाच मिनिटं बसले. मग उठले, जावयाची केबल काढली, एक टोक कॉम्प्युटरला आणि एक मॉनिटरला लावलं. अलगद बसली. बटणं दाबली. पडदा उजळला, स्वच्छ निळा, हिरवी अक्षरं. धूर नाही, ठिणगी नाही. बघा म्हटलं! सात दिवस मला झुलवलं ह्याने. आता आलीच आहे वेळ तर कॅसेटही लावू, म्हणजे तो जेवून येईपर्यंत काम फत्ते.

टेपरेकॉर्डरमध्ये फीत किरकिरत चालली. चार मिनिटांनी नक्षी एकेका ओळीने पडद्यावर उतरली. चोवीस चौकोन आडवे, सोळा उभे. मी कॅसेट बाहेर काढायला गेले. ती निघेना, मी ओढली, तशी फीत आतल्या चाकाला गुंडाळली आणि तुटली. शेपटासारखी लोंबायला लागली.

ठीक आहे, नक्षी तर समोर आहे, असं म्हणून मी कागद घेतला. निळा, निळा, हिरवा, काळा, काळा.

काळा?

धाकटीने जन्मात काळी लोकर आणली नाही. आईच्या आजारपणात घरात काळं ब्लँकेट होतं, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. आणि मागावरच्या त्या वीतभर गालिच्यात विटकरी लाल रंगाची रांगच्या रांग मी स्वतः पाहिली होती. समोरच्या पडद्यावर लाल म्हणून एक ठिपका नव्हता.

मीटर आला तेव्हा मी कागद मांडीवर घेऊन तशीच बसले होते. त्याने पडद्याकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या फितीकडे.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. हे वाक्य मला फारसं सवयीचं नाही.

"माझी," तो म्हणाला. "तुमच्यावर संशय होता, तरी दाराला कुलूप लावलं नाही."

आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्याने स्टूल ओढलं. कॉम्प्युटर बंद केला की नक्षी गेली. कॅसेट तुटलेली, जोडली तरी वाचेल ह्याची खात्री नाही. म्हणजे जे काही करायचं ते कॉम्प्युटर चालू ठेवून. चालू यंत्राचा प्लग मीटरने कारखाना सुटल्यापासून एकदाही काढला नव्हता. त्याने हात पुसले. पुन्हा पुसले.

"मी काढू?" मी विचारलं.

"तुम्ही लांब बसा. अजून लांब."

त्याने जावयाची केबल काढली. मॉनिटर काळा झाला. कॉम्प्युटरचा छोटा दिवा मात्र चालू होता, दोघेही त्याच्याकडे टक लावून. मग सात पिनांची केबल आत गेली. नक्षी परत आली, तशीच, लालाशिवाय. लालाची वाट खरंच जळली होती. बारा व्होल्ट खरे होते.

"आता काय?"

"आता तुम्ही हे जे दिसतंय ते लिहून घ्या. एकूण एक चौकोन. मग मी केबलच्या ह्या टोकाला लालाची तार हिरव्याच्या जागी लावतो. हिरव्याची वाट शाबूत आहे. मग जो चौकोन हिरवा पेटेल, त्यात मुळात लाल आहे असं समजायचं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे तर सरळ गणित होतं. लाल आहे की नाही, हिरवा आहे की नाही, निळा आहे की नाही. तीन प्रश्न, आठ रंग. लाल नि हिरवा मिळून पिवळा, तिन्ही मिळून पांढरा. दोन फेऱ्यांत सगळं सापडणार. माझ्या वर्गात बसला असता तर मी त्याला पहिल्या बाकावर घेतलं असतं.

मी लिहिलं. त्यानेही लिहिलं, वेगळ्या कागदावर. मग त्याने केबलचे दोन बारीक स्क्रू सैल केले, तारांची अदलाबदल केली, आणि पडद्यावर जिथे मघाशी काळं होतं तिथे ओळीच्या ओळी हिरव्या पेटल्या. ही धाकटीची लाल रांग. सगळा काळोख तिने लालाने भरला होता. पुन्हा मी लिहिलं, त्याने लिहिलं.

मग दोन्ही कागद ताडले. तीनशे त्र्याऐंशी चौकोन जुळले, एक जुळेना. अकरावी ओळ, तिसरा चौकोन. माझ्या कागदावर निळा, त्याच्या कागदावर जांभळा.

"तुमची नजर चुकली," मी म्हटलं. "आजूबाजूला सगळं निळं आहे. मध्येच एक जांभळा ती कशाला घालेल?"

"ते मला माहीत नाही. लाल आहे की नाही एवढंच मी बघतो. या, बघा."

चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं. एकच चौकोन, निळ्यात हिरवा मिसळलेला. म्हणजे लाल होता. हा बरोबर होता.

"बंद करू?" त्याचा हात बटणावर.

"थांबा. पुन्हा एकदा मोजते."

"मीही," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा ताडून झाल्यावरच त्याने कॉम्प्युटर बंद केला. त्याची बायको दोनदा चहा गरम करून गेली होती.

भाचीने माग पुन्हा सुरू केला आहे. अकराव्या ओळीशी आली तेव्हा तिने फोन केला, मावशी, इथे काहीतरी चुकलंय का? मी सांगितलं, दोन माणसांनी तीन वेळा तपासलंय, गुपचूप विण. मॉनिटरचा लाल अजून परत आलेला नाही. तो भाग कुठे मिळतो का, हे मी जावयाला शोधायला लावलं आहे, आणि मिळाला तर आधी मीटरला दाखवायचा, अशी ताकीदही दिली आहे.

मी अधूनमधून दुकानात जाते. आता एक वाजला की तो वर जाताना आधी मला बाहेर काढतो, दाराला कुलूप लावतो, आणि लागलं की नाही ते दोनदा ओढून पाहतो. तिसऱ्यांदा मी ओढते.