बोर्डावर पाच चाव्या होत्या

रशियातून नवी मुंबईत आलेला माणूस कुठे उतरतो, असं कोणी विचारलं तर मी तासभर बोलू शकतो. एरवी मी फारसा बोलत नाही. पण तुर्भ्याच्या एका मध्यम हॉटेलच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षं काढल्यावर एवढा एक विषय आपला होतो. त्यातली एक गोष्ट मात्र मी नेहमी गाळत आलो. ती आज सांगतो.

मोठ्या साहेबांसाठी हायवेलगतची काचेची हॉटेलं. कारखान्यात मशीन बसवायला येणाऱ्या इंजिनिअरांसाठी आमच्यासारखी. एसी, गरम पाणी, सकाळी ऑम्लेट. दोन-तीन महिने मुक्काम असेल तर बेलापूर-खारघरकडचे स्वयंपाकघरासकट फ्लॅट. हॉस्पिटलांच्या आसपास पेशंटच्या नातेवाइकांसाठी गेस्ट हाऊस. ट्रकवाल्यांच्या लॉजमध्ये मात्र त्यांना घेत नाहीत. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत पोलिसांकडे त्याचा सी-फॉर्म भरावा लागतो, आणि लॉजवाले त्या भानगडीत पडत नाहीत.

मला ही माणसं आवडायची. खोलीत शिरताना बूट दाराशी काढणार, आपल्यासारखेच. किटली मागतील, लिंबू मागतील, चहात दूध नको म्हणतील. येताजाता हसणार नाहीत, पण खोली सोडताना चादरीची घडी घालून ठेवतील. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी म्हणायच्या, "साहेब, ह्यांच्या आयांनी वळण चांगलं लावलंय. आपल्याकडचे टॉवेलानं बूट पुसतात."

मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या. कोपरखैरण्यात त्यांचं छोटं घर, वर एक खोली चढवलेली. मुली लग्न होऊन गेल्या, तेव्हापासून ती रिकामी होती.

एका दुपारी पन्नाशीची एक रशियन बाई एकटीच बॅग ओढत आली. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मोबाइल हिंदीत बोलला: नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटलजवळच्या गेस्ट हाऊसमध्ये जागा नाही, वीस दिवस खोली हवी.

"फुल्ल," मी म्हणालो.

माझ्या पाठीमागे बोर्डावर पाच चाव्या लटकत होत्या. बाईने चाव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाद घातला नाही. पाणी मागितलं आणि बॅग पायाशी घेऊन सोफ्यावर बसली.

मला तसं सांगायला कोणी सांगितलं नव्हतं. आधीच्या वर्षी एक सी-फॉर्म माझ्याकडून उशिरा गेला होता आणि मालकांनी चारचौघांत मला झापलं होतं. तेव्हापासून मी माझ्यापुरता नियम केला होता: कंपनीतर्फे येतील ते घ्यायचे, पेशंटवाले नकोत. त्यांचा मुक्काम लांबतो, व्हिसा वाढवावा लागतो, परत कागद. माणूस मरायला टेकला असला तरी मला आधी कागद दिसायचा.

मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन जिना उतरत होत्या. "काय झालं हिला?"

"रूम नाहीये."

त्यांनी गठ्ठा काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "माझी वरची खोली हाय की. परदेशी माणूस घरात ठेवायला कागद-बिगद लागतो का हो, साहेब?"

लागतो. घरी ठेवला तरी लागतो. पण हो म्हटलं असतं तर भरायला मीच बसलो असतो, आणि मग इथे का नाही ठेवली, हा प्रश्न आला असता.

"काही लागत नाही. न्या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. पोलिसांनी मावशींनाच धरलं तर? त्या बाईचा व्हिसा अडकला आणि नवरा तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर असला तर? एक फोन करून खरं सांगता आलं असतं. त्याऐवजी मी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि मावशींचा अर्धा दिवस लावला, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

बाराला त्या घामाघूम होऊन आल्या. "साहेब, सकाळी बघते तर बाई पासपोर्ट घेऊन दारात उभी. मोबाइलवर विचारती, नोंद कुठं करायची? त्यांच्या मुलखात म्हणे पाहुणा आला की घरमालकाला नोंद करावीच लागते. मी म्हणलं, आमच्यात नाही लागत, आमच्या साहेबांनी सांगितलंय. ऐकंना! हाताला धरून नेलं मला चौकीत."

"मग?"

"मग काय, लागती! हवालदार म्हणले, मावशी, आज आला नसता तर तुमीच अडकला असता. लाईट बिल, आधार, तिचा व्हिसा, सगळं दोघींनी बसून भरलं." मग हळूच, "तुमाला म्हाईत नव्हतं?"

"घरासाठी लागतो हे नव्हतं माहीत," मी म्हणालो. हे आणखी एक खोटं.

ऑपरेशन चांगलं झालं. मावशी रोज बातमी आणायच्या. बाई जिना धुते. बाईला बाजारात शेपू दिसला, त्यांच्याकडे म्हणे तो रोजच्या जेवणात असतो, तर जुडीला नाक लावून रडली. "आमच्या पोरी शेपू म्हणलं की पळायच्या, आन् ही बया कच्चा खाती!"

परत जायच्या दिवशी नवरा-बायको दोघं हॉटेलात आले. तिने माझ्या हातात चॉकलेटचा डबा ठेवला. मोबाइल म्हणाला, आम्हाला चांगलं घर मिळवून दिल्याबद्दल आभार. मावशींनी तिला सांगितलं होतं, साहेबांनीच माझ्याकडे धाडलं. मी डबा घेतला. नको म्हणायचंही धाडस नव्हतं.

आता मावशींच्या वरच्या खोलीत तिकडचे पाहुणे एकमेकांकडून ऐकून येतात. फॉर्म मावशी स्वतः मोबाइलवर भरतात. अशी निगुतीने ठेवलेली खोली मी कुठल्याच हॉटेलात पाहिली नाही. मीही लोक पाठवतो, खरोखर पाठवतो. गेल्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी चाव्या ताब्यात घेताना मी सांगून टाकलं. "मावशी, त्या दिवशी रूम होत्या. फॉर्मचंही मला माहीत होतं."

"रूमचं म्हाईत होतं मला. चाव्या रोज मीच लावायची ना बोर्डावर."

"मग मी धाडलं असं तिला का सांगितलंत?"

"नवरा हॉस्पिटलात, मुलूख परका. हितली माणसं खोटं बोलतात हे तिला कशाला सांगू?"

मी चाव्या एकेक करून बोर्डावर लावू लागलो. मावशींनी पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"फॉर्मचं सोडा, साहेब. पण त्या दिवशी माझा अर्धा दिवस लावला होता तुमी. ते नाही विसरले मी."