केशरी फुलांचं थान

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, बालाघाटची. दसऱ्याच्या तोंडावर आई भरवेलीला साखर आणायला गेली आणि पडद्याच्या कापडाचं अख्खं थान, म्हणजे न कापलेला तागाच घेऊन आली... साखर अर्थातच विसरली.

भरवेलीला खाणीतल्या कामगारांचं एक भांडार होतं. पत्र्याची मोठी शेड, आत छतापर्यंत पोती, डबे, पेट्या. आत शिरायला कार्ड लागायचं आणि सगळा माल घाऊक... किलोभर काही मागितलं तर तिथला माणूस आपण भीक मागितल्यासारखा बघायचा.

कार्ड शेजारच्या शहारे काकांचं, ते खाणीत फिटर होते. काकू निघाल्या की आई सोबत जायची आणि आणलेलं आमच्या गल्लीतली पाचही घरं वाटून घ्यायची.

रविवारी आमच्या ओसरीवर वाटणी चालायची. तेलाचा डबा फोडायचा, साबणाची लांबलचक कांब दोऱ्याने कापायची, चहाच्या खोक्यात नाक खुपसायचं... आजही श्रीमंती म्हटलं की मला नव्या गोणपाटाचा आणि चहाचा वास येतो. खरी श्रीमंत माणसं पुढे पुष्कळ भेटली, त्यांना नुसता सेंटचा वास येत होता.

तर ते थान. हिरव्या कापडावर तळहाताएवढी केशरी फुलं. आईला हवे होते दोन खिडक्या आणि एका दाराचे पडदे, कारण ताईला बघायला गोंदियाची मंडळी येणार होती. "थान तोड़ते नहीं, बहनजी," असं उत्तर मिळालं. आईने काकूंकडे पाहिलं, काकूंनी आईकडे... आणि थान सायकलरिक्षात बसून घरी आलं.

मग काय, पाचही घरांना पडदे झाले. उरलेल्यात उशांचे अभ्रे, माझा फ्रॉक, शहारे काकांच्या रेडिओचा झगा. बाबा आईला म्हणाले, "ही पोरगी पडद्यापाशी उभी राह्यली त सापडणार नाही तुले."

ताई सव्वीसची होती. तेव्हा हे वय लोक आवाज खाली करून सांगत. दोन स्थळं तिच्या उंचीवरून गेली, तिसरं जिभेवरून... मुलाने विचारलं, "स्वयंपाक येतो का?" आणि ती म्हणाली, "तुम्हाला?"

हे चौथं गेलं तर पाचवं येईल याची घरात कोणालाच खात्री नव्हती. आणि ताई तोंडाने काही म्हणो, तिलाही ते हवं होतं. "नाकच पाहून राह्यली त्याचं" असं म्हणत तिने मुलाचा फोटो माझ्याकडून पुन्हा पुन्हा मागून घेतला होता.

बाबांनी मध्यस्थाकडे निरोप दिला होता... घराची खूण, केशरी फुलांचा पडदा. कचेरीतल्या फायलींची जागा त्यांना डोळे मिटून सांगता यायची, पण शेजारच्या चार घरांना कोणते पडदे लागलेत हे उघड्या डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

पाहुण्यांना आधीची बस मिळाली. आमच्याकडे ताईच्या डोक्यात शिकेकाई, बाबा पेढे आणायला गेलेले. मी काकूंकडे वाट्या मागायला गेले होते. तेवढ्यात रिक्षा थांबली, मुलगा आणि त्याची आई उतरली, गल्लीतलं पहिलंच घर पडद्यावरून ओळखलं आणि सरळ आत आली.

काकूंच्या घरात!

माझा फ्रॉक त्याच कापडाचा, तेव्हा त्यांना शंकेला जागाच नव्हती. काकू समजल्या. आमचं घर अजून तयार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मला डोळ्यांनी गप्प बसवलं, पाहुण्यांना बसवलं, चहा टाकला... म्हटलं, आता थोडा वेळ काढतील आणि सांगतील.

पण मुलाची आई वेळ काढू देणाऱ्यातली नव्हती. कपबशी हातात घेतली आणि म्हणाली, "पोरीत खोट काय हाय, ते आधी सांगा बाई. चांगलं त सारेच सांगते."

काकूंनी पदर सारखा केला.

"जीभ तिखट हाय. मलेही सोडत नाही. पण मागच्या पावसाळ्यात मले टायफॉइड झालता, तवा गोड बोलणारे सारे दारातूनच विचारून गेले. ह्या पोरीनं उशाशी बसून, मले शिव्या देऊन देऊन खिचडी खाऊ घातली."

तेवढ्यात दारात आई. "काय व, वाट्या आणायले गेली त इकडचीच झाली काय?" मग तिला पाहुणे दिसले.

"या, ह्या पाहा पोरीच्या आई," काकू म्हणाल्या.

"आं? मंग तुम्ही कोण?"

"मी शेजारीण."

आईचा चेहरा असा झाला, की आता त्या पडद्यात लपली असती. मुलगा बशीतल्या चहाकडे बघत होता... बहुधा हसू दाबत असावा. त्याच्या आईने कप खाली ठेवला.

"आईनं सांगतलं असतं त अर्धं मानलं असतं," ती म्हणाली. "शेजारीण सांगते म्हणजे खरंच असन. चला, पोरगी दाखवा."

ताई ओल्या केसांनीच समोर आली. मार्गशीर्षात लग्न झालं.

परवा लेकीने तसल्याच एका मोठ्या दुकानाचं कार्ड काढलं. साबणाची पेटी घेऊन आलो. आता वर्षभर आम्ही दोघीच तो संपवणार, कारण शेजारी अर्धी पेटी घेऊन जावं इतकी ओळख नाही... आमच्या गल्लीने साखर-तेल वाटून घेता घेता ताईची काळजीही वाटून घेतली होती. काकूंनी आपल्या वाट्यापेक्षा जास्तच उचलली, आणि आम्ही त्यांना साधं थँक्यूही म्हटलं नाही. म्हणून आज हे लिहितेय.

लग्नानंतर ताई बालाघाटला आली, की रिक्षा आधी काकूंच्या दारात थांबवायची. आई ओसरीवरून ओरडायची, "घर चुकली काय व?"

ताई तिथूनच म्हणायची, "पडदा सारखाच आहे न!"